श्वासाचं इंग्रजी

जुन्नरच्या पेठेत नेमीचंदशेटचं कापडाचं दुकान होतं आणि त्या दुकानाच्या ओट्यावर त्यांचा पुतण्या गुलाबचंद रोज सकाळी श्वास घोकत बसायचा. माणसाला घोकायला दुसरं काही मिळू नये का, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटे. पण त्याला कारण होतं. गावात प्लेग पुन्हा शिरला होता. घरं तपासायला पुण्याहून गोरा डॉक्टर आला होता, त्याला आपली भाषा येत नव्हती, आणि त्याचा आधीचा दुभाषा पोटदुखीचं निमित्त सांगून जो पळाला तो परत फिरकला नव्हता. जागा रिकामी होती. गुलाबचंद इंग्रजी तीन इयत्ता शिकलेला. शाळेच्या मास्तरांनी त्याला सल्ला दिला की डॉक्टरच्या बोलण्यात दोनच गोष्टी येणार, ताप आणि श्वास. तापाला फार शब्द लागत नाहीत, श्वासाला लागतात, तेवढे पक्के कर.

मग काय विचारता! ‘टेक अ डीप ब्रेथ. होल्ड युवर ब्रेथ. शॉर्ट ऑफ ब्रेथ. आउट ऑफ ब्रेथ.’ दुकानात लुगडं घ्यायला आलेल्या बायकाही जाता जाता ‘ब्रेथ, ब्रेथ’ करत हसायच्या.

नेमीचंदशेटची बायको सुमतीबाई आत धान्य निवडता निवडता हे सगळं ऐकत असत. गुलाबचंद पाळण्यात असतानाच त्याची आई गेली, तेव्हापासून त्याला वाढवलं सुमतीबाईंनी. स्वतःचं मूल झालं नाही, याचं दुःख करायलाही या पोरानं त्यांना कधी सवड दिली नाही. गोवर, कांजिण्या, आमांश, जे काय निघायचं ते त्यानं यांच्या मांडीवर काढलं.

“काय रे, तुझा तो शब्द एकटा बाहेर पडतच नाही का?” एकदा त्यांनी आतूनच विचारलं. “सारखा आपला कुणाचं तरी बोट धरून येतोय.”

“काकी, इंग्रजीत तसंच असतं. शब्दाची जोडी ठरलेली असते. श्वास घ्यायचा तर ‘टेक’ म्हणायचं, रोखून धरायचा तर ‘होल्ड’. पळून पळून धाप लागली की माणूस श्वासाच्या बाहेर पडला म्हणायचं.”

“अगं बाई! आणि मग आत कसा यायचा?”

“थांबायचं आणि श्वास पकडायचा. कॅच.”

“पकडायचा? दावं तोडून पळालेलं वासरू आहे का ते?”

“हसू नका, काकी. आपण नाही का दम खात? ते ऐकून साहेब म्हणेल, हे लोक दमसुद्धा खातात!”

सुमतीबाई हसल्या ते हसल्याच, पण मनातून सुखावल्या. पोराला डोकं होतं. आमचा गुलाब साहेबाशी साहेबाच्या भाषेत बोलणार आहे, हे त्यांनी त्या आठवड्यात पेठेतल्या एकूण एक बाईला सांगून टाकलं. सांगू नये तर काय करावं? आयुष्यात मिरवण्यासारखं दुसरं होतं काय त्यांच्याकडे?

आणि मग ती सकाळ उजाडली. शेजारच्या दुकानामागं मेलेला उंदीर सापडला आणि साहेबानं ती सगळी आळी तपासायला घेतली. नेमीचंदशेट मालासाठी नारायणगावला गेले होते. गुलाबचंदला साहेबानं आजमावून बघायला सकाळीच बोलावून नेलं होतं. नवा काळा कोट घालून तो गेला तेव्हा सुमतीबाईंनी दारात उभं राहून कोटाची पाठ दोनदा झटकली होती.

तो गेल्यावर त्या सामायिकेला बसल्या. सामायिक म्हणजे जैन माणसानं दोन घटका संसार बाजूला ठेवून आत्म्यापाशी बसायचं. लोकरीच्या आसनावर ताठ बसायचं, समोर वाळूची घडी उलटी करून ठेवायची आणि तोंडावर पांढरी मुहपत्ती बांधायची. आपल्या उच्छ्वासाच्या उष्ण वाऱ्यानं हवेतले बारीक जीव मरू नयेत, म्हणून ती पट्टी. वाळू संपेपर्यंत उठायचं नाही, संसारातलं एक अक्षर बोलायचं नाही, परपुरुषाचा स्पर्श होऊ द्यायचा नाही. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी हा नेम मोडला नव्हता. आजारपणातसुद्धा नाही.

वाळू बहुतेक सगळी खाली आली होती. बाहेर बुटांचा आवाज झाला.

साहेब उंबऱ्याबाहेरच थांबला. त्याच्या नाकातोंडावर औषधाच्या वासाचा रुमाल होता. मागे चिमाजी हवालदार, बाजूला गुलाबचंद. साहेबाला दिसलं ते एवढंच : अंधाऱ्या माजघरात तोंडाला फडकं बांधलेली एक बाई बसली आहे, साहेब दारात आला तरी उठत नाही, हाक मारली तरी बोलत नाही. आता गंमत बघा. साहेबाच्या तोंडावर होता तो शहाणपणाचा रुमाल आणि सुमतीबाईंच्या तोंडावर होती ती रोगाची खूण. दोन्ही कापडंच की! त्यानं काहीतरी विचारलं आणि आपल्या तोंडाशी हात नेऊन दाखवला.

“सायेब, बाई सामायिकेला बसल्यात,” चिमाजी म्हणाला. तो शेटच्या दुकानचं गिऱ्हाईक, या घरातली रीत त्याला पाठ होती. “त्यांच्यात आसंच आसतंय. घटकाभर दम धरा, मंग उठत्याल त्या.”

पण चिमाजीचं मराठी साहेबाच्या काय कामाचं? साहेबानं मान वळवून गुलाबचंदकडे पाहिलं.

गुलाबचंदनं काकीकडे पाहिलं. ती नजर सुमतीबाई जन्मात विसरल्या नाहीत. ज्या पोरानं त्यांना रोज असं बसलेलं पाहिलं होतं, लहानपणी शेजारी चिमुकली पट्टी बांधून जो स्वतः बसला होता, तो त्यांच्याकडे पहिल्यांदाच बघितल्यासारखा बघत होता. पट्टीकडे, वाळूच्या घडीकडे, जुन्या आसनाकडे. त्याचे कान लाल झाले. त्याला लाज वाटली. साहेबाची नाही, उंदराची नाही, काकीची.

“शी इज शॉर्ट ऑफ ब्रेथ, सर,” गुलाबचंद म्हणाला.

सुमतीबाईंना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग वाटलं, ही प्रस्तावना असेल, आता पुढे खरं सांगेल. महिनाभर कानावर पडून पडून ते शब्द त्यांना तोंडपाठ झाले होते. हा श्वास अपुरा पडणाऱ्याचा शब्द, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. कुणाचा अपुरा पडतोय? दोन हंडे पाणी पहाटे मी भरलं ना रे मेल्या!

साहेब एक पाऊल मागं सरला आणि त्यानं आणखी काही विचारलं.

“शी कॅनॉट कॅच हर ब्रेथ, सर. देअरफोर द क्लॉथ.”

कसं अस्खलित! एकही जोडी चुकली नाही. शब्दाला शब्द बरोबर लागला होता आणि वाक्यात खरं म्हणून काही नव्हतं. काकी जुन्या वळणाची, देवाधर्माची बाई आहे, हे सांगण्यापेक्षा ती आजारी आहे हे सांगणं त्याला सोपं गेलं. आजारी बाईची कीव येते, तोंडाला पट्टी बांधून बसणाऱ्या बाईला साहेब हसला असता. एवढ्यासाठी! आणि एकदा सांगून बसल्यावर साहेब विचारत गेला तसा हा पाठ केलेला एकेक तुकडा काढून पुढे करत गेला. चालताना धाप लागते का? येस सर. बोलता येतं का? नो सर. साहेबानं चिमाजीला हातानं खूण केली. ती खूण आता अख्ख्या गावाला कळत होती. नदीपलीकडची प्लेगची छावणी.

सुमतीबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सामायिकेत राग करणं हा मोठा दोष. तो त्यांनी लागू दिला. पण तोंड उघडलं नाही. एक तर नेम होता आणि दुसरं म्हणजे अजूनही मनात कुठंतरी त्या धरून बसल्या होत्या की पोर सावरेल. वाळू संपत आली होती.

वाळू संपली. त्यांनी घाई न करता समाप्तीचा पाठ म्हटला, मुहपत्ती सोडली, तिची घडी घातली आणि उठून सरळ उंबऱ्याशी आल्या. साहेब आणखी मागं सरला.

“गुलाब, साहेबाला सांग,” त्या म्हणाल्या. “म्हणावं, मला काहीसुद्धा झालेलं नाही. ताप नाही, गाठ नाही, धाप नाही. मी धर्माला बसले होते आणि ही पट्टी त्याचीच. सांग. जसंच्या तसं सांग.”

चिमाजीनं मान डोलावली. आळीतली माणसं लांबून बघत होती, त्यांतल्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं. ज्याला ठाऊक नव्हतं असा एकच माणूस तिथं होता आणि त्याच्यापर्यंत जायला वाटही एकच होती.

गुलाबचंदनं साहेबाकडे तोंड केलं. “शी सेज... शी हॅज नो ब्रेथ टू वॉक, सर.”

वाक्य नवं होतं, पण त्यातला तो एक शब्द सुमतीबाईंनी ओळखला. आणि साहेबाचा चेहरा रागावण्याऐवजी कळवळला, तेव्हा बाकीचंही कळलं. साहेबानं हुकूम दिला की या बाईला चालवू नका, डोली आणा. आणि तो पुढच्या घराकडे गेला.

“बाई, माजा काय विलाज न्हाई,” चिमाजी खाली बघून म्हणाला. “हुकूम हाय.”

“डोली नको,” सुमतीबाई म्हणाल्या. “मला पाय आहेत.”

भर पेठेतून त्या चालत गेल्या, तरातरा, चिमाजीला गाठताना धाप लागेल इतक्या. ज्या बायकांना आठवडाभर पुतण्याचं कौतुक ऐकवलं होतं त्या दारादारांतून बघत होत्या. गुलाबचंद साहेबाच्या मागे उभा होता आणि साहेबाचे बूट न्याहाळत होता.

छावणी म्हणजे तट्ट्यांच्या झोपड्या. तिथल्या नेटिव्ह डॉक्टरनं नळी लावून पाहिलं आणि म्हणाला, बाई, तुम्हाला काही नाही. मग सोडा की! सोडता येत नाही, साहेबाचा हुकूम, मुदत भरल्याशिवाय कुणी बाहेर जायचं नाही. निरोगी माणसाला रोग्यांत कोंडायचं आणि रोग लागतो का ते बघत बसायचं, याला तपासणी म्हणतात! छावणीतल्या जेवणात कांदा-लसूण. सुमतीबाई घरून आलेल्या चुरमुऱ्यांवर आणि फुटाण्यांवर राहिल्या.

शेजारच्या खाटेवर येडगावची बाळाबाई होती. धनगराची, मेंढरांमागं जन्म गेलेला. तिला नाक्यावर अडवून आणलं होतं. ती आडवी होत नसे, गुडघ्यांवर हात टेकून बसलेली असे आणि छातीत बारीक शीळ वाजे.

“जुना दमा हाय माजा,” ती सांगायची. एका दमात तिला चारच शब्द जमत. “मेंढरं कातराया लागली... की लोकर नाकात जाती... मंग लई जोर करतोय. पलेग न्हाई... पर ऐकतंय कोन? तुमाला... काय झालंय?”

“काही नाही.”

“मंग हितं... कशापायी?”

काय सांगायचं? घरच्या पोराला माझी लाज वाटली म्हणून? सुमतीबाईंच्या तोंडून ते निघेना. “साहेबाची चूक झाली,” त्या म्हणाल्या.

“आन त्याला सांगनारं... कुनी नव्हतं व्हय?”

सुमतीबाईंनी तिला प्यायला पाणी दिलं आणि पाठ चोळत बसल्या.

नेमीचंदशेट कुंपणापाशी येऊन भेटून जायचे. साहेबाकडेही ते एकदा गेले, हात जोडले, सगळं समजावून सांगितलं. समजावलं कुणाच्या तोंडून? गुलाबचंदच्या! दुभाष्याविरुद्धची तक्रारही दुभाष्याच्याच तोंडातून जायची. काय गेलं आणि काय नाही ते एक तोच जाणे. साहेब म्हणाला, मुदत भरू द्या.

“बरं, ऐकलंस का,” शेट कुंपणापलीकडून हळूच म्हणाले, “साहेबानं त्याला कायम केलं. म्हणाला, मुलाचं इंग्रजी चांगलं आहे.”

“आणि हे तुम्ही मला आनंदानं सांगताय?”

“तसं नाही गं. पण आता बोभाटा नको. पोर आहे, घाबरला. त्याला का तुझं वाईट व्हावंसं वाटत होतं? घरी आलीस की बघू.”

घरी आलीस की! आले तर, असं म्हणावंसं सुमतीबाईंना वाटलं. रोज एखादी खाट रिकामी होत होती.

मग बाळाबाईला ताप भरला. दमा तिनं जन्मभर काढला होता, पुढेही काढला असता. प्लेग तिला त्या छावणीत लागला. काखेत गाठ आली, डोळे लाल झाले आणि श्वास असा काही चालू झाला की झोपडीतली बाकीची माणसं पाठ फिरवून बसली. सुमतीबाई नाही बसल्या. त्यांनी तिचं डोकं मांडीवर घेतलं. या श्वासाला घेणं, धरणं, पकडणं, कोणतंच नाव लागू पडत नव्हतं. बाळाबाई त्यासाठी नुसती झुंजत होती. संध्याकाळी ती गेली. सुमतीबाईंनी तिचे डोळे मिटले आणि पहिल्यांदा त्यांना नीट उमगलं की गुलाबचंदनं आपल्याला कुठं पाठवलं होतं.

मुदत भरली. त्या घरी आल्या. शेटनी दारात पाणी तापवून ठेवलं होतं, शेजारणीनं लापशी करून पाठवली होती. सगळे असे वागत होते की जणू बाई तीर्थयात्रेहून आल्या. अंघोळ करून त्या माजघरात टेकल्या तोच गुलाबचंद आला. काळा कोट, कायम झालेला दुभाषा. आल्या आल्या त्यानं काकीचे पाय धरले आणि तो ढसाढसा रडायला लागला.

“काकी, मला माफ करा. साहेब समोर उभा राहिला आणि माझी दातखीळ बसली. शब्दच येईनात. श्वासाचं तेवढं पाठ होतं, तेच तोंडातून पडत गेलं. माझ्या हातात काही नव्हतं, काकी.”

सुमतीबाईंचा राग पातळ झाला. का होऊ नये? खोटं कशाला सांगू, त्यांना विश्वास ठेवायचा होता. तीन इयत्तांचं इंग्रजी, पहिलाच दिवस, समोर गोरा. घाबरणारच पोर. त्यांचा हात त्याच्या डोक्यापर्यंत गेला.

“बघ, मी म्हटलं नव्हतं?” शेट म्हणाले.

“बरं, आता तरी शिकलास का?” सुमतीबाई म्हणाल्या. “साहेब तिथं दारात उभा आहे असं समज. मी इथं सामायिकेला बसले आहे. त्या दिवशी काय सांगायला हवं होतं, ते सांग बघू.”

गुलाबचंदला हायसं वाटलं. एक हात काकीच्या पायांवर तसाच ठेवून त्यानं दुसऱ्या हातानं डोळे पुसले आणि दाराकडे तोंड केलं.

“शी इज नॉट इल, सर. शी इज ॲट हर प्रेयर्स. द क्लॉथ इज फॉर अवर रिलिजन. काइंडली वेट अ लिटल.”

कुठं अडखळला नाही. शेट तर कौतुकानं हसलेच.

“याचा अर्थ काय रे?”

त्यानं एकेका वाक्याचा अर्थ सांगितला. आजारी नाही. प्रार्थनेला बसली आहे. कापड धर्माचं आहे. जरा थांबा.

“एवढंच?”

“एवढंच, काकी.”

“छान. हे कधी शिकलास?”

“हे तर सोपंच आहे, पहिल्या इयत्तेच्या पुस्तकात...” गुलाबचंद म्हणाला आणि थांबला.

शेटचं हसू तोंडावरच राहिलं.

“म्हणजे येत होतं तुला,” सुमतीबाई म्हणाल्या आणि त्याच्या हाताखालचे आपले पाय त्यांनी मागं घेतले.